सात सह्या आणि एक पेन्सिल

मी रोज डायरी लिहिते. सुधाकर मोंडकर सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त लेख हवा, असा आपल्या मंडळाचा निरोप आला, तेव्हा त्यांच्याविषयीची माझी पहिली नोंद काय होती हे मी जुन्या वह्या काढून शोधले. सापडली, आणि थोडी लाज वाटली. ‘भाषांतरासाठी रुवीला गेले. मोंडकर नावाचे गृहस्थ. हुशार वाटले, पण स्वभाव किचकट. प्रश्न फार विचारतात.’

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकतीच मस्कतला आले होते आणि इथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवण्याची नोकरी मिळत होती. पदवीच्या कागदाचे अरबी भाषांतर हवे होते. रुवी या मस्कतच्या व्यापारी भागात एका वकिलांच्या कार्यालयात सर भाषांतरकार होते, आजही आहेत. पदवीवर माझे माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारले, “या दोघी एकच, हे मला कोण सांगणार?”

“मी सांगतेय ना!”

“तुम्ही सांगता ते मी लिहीन, बाई. पण ‘त्यांनी सांगितले’ असं लिहीन. ‘आहे’ असं लिहायला मला लग्नाचा दाखला लागेल.”

दाखला शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या माबेलाच्या घरी होता. म्हणजे पुन्हा तासभर गाडी, पुन्हा रुवी. दुसऱ्या दिवशी मी दाखला टेबलावर जवळजवळ आपटलाच. सरांनी तो शांतपणे वाचला आणि पहिल्या मसुद्यातल्या एका वाक्यासमोरचा पेन्सिलचा बारीक ठिपका खोडरबराने पुसला. तो ठिपका कशाचा, हे विचारण्याइतकी मी तेव्हा त्यांच्याशी बोलत नव्हते.

पुढे कळले. सर मूळचे मालवणजवळच्या एका गावचे. टायपिस्ट म्हणून ओमानला आले आणि अरबी इथेच शिकले, काही वर्ग लावून, बरेचसे बाजारात बोलून. साक्षी, जबान्या, करारपत्रे यांचे भाषांतर करताना त्यांची एक पद्धत आहे. माणूस जे सांगतो त्यातले जे त्याने स्वतः पाहिले वा ऐकले, ते वाक्य तसेच राहते. जे त्याने जुळवले, ऐकीव घेतले किंवा धरून चालला, त्या वाक्यासमोर सर पेन्सिलने ठिपका देतात. मग ते माणसाला त्याच्याच भाषेत वाचून दाखवतात आणि प्रत्येक ठिपक्यापाशी थांबतात. यात फार वेळ जातो. कार्यालयातले लोक यावरून त्यांची चेष्टा करतात, आणि मोठ्या साहेबांनी एकदा “मोंडकर, यल्ला यार, खलास करा” असे वैतागून म्हटल्याचे सर स्वतःच हसत सांगतात.

शुक्रवारी सकाळी आपल्या मुलांसाठी ते मराठीचा वर्ग घेतात, हे बहुतेकांना माहीत आहे. माझी मुलगी ईरा त्यात जात असे. आमची मुले आपसात इंग्रजी बोलतात, मराठीत आली की अडखळतात. सर त्यांना खिडकीपाशी उभे करून म्हणायचे, “दिसतं तेवढंच सांगा.” ईराने सांगितले, “एक अंकल आहेत. ते कारची वेट करतायत. ते बोअर झालेत.”

“बोअर झालेत हे तुला दिसलं?”

“येस. आय मीन, ते असे उभे आहेत ना.”

“कसे?”

“एक पाय वर घेऊन. भिंतीला.”

“मग तेच सांग की! ‘अंकल एक पाय भिंतीला लावून उभे आहेत.’ बघ, केवढं मराठी आलं तुला!”

मी मागच्या बाकावर बसून कौतुकाने हसत होते. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन वेगळे रकाने असतात. अनुमान पहिल्या रकान्यात लिहिले तर मी गुण कापते. सर आणि आपण एकाच जातीचे, असे त्या दिवशी मला वाटले होते. हे पुढच्या प्रसंगासाठी मुद्दाम नोंदवून ठेवते.

तो प्रसंग आपल्या वर्तुळात अनेकांना अर्धामुर्धा माहीत आहे आणि त्यावर बरेच बोलले गेले आहे. पूर्ण लिहावा की नाही, हे मी सरांना विचारले. त्यांचे उत्तर शेवटी सांगते.

माबेलात आम्ही राहतो त्या इमारतीत बरीच मराठी कुटुंबे आहेत. दारावर एका सुरक्षा कंपनीचा वॉचमन असायचा, मोझेस नावाचा, युगांडाचा. उंच, निळ्या गणवेशातला. येता-जाता “गुड मॉर्निंग, मॅडम” म्हणायचा. दोन वर्षे मी त्याला रोज पाहत होते. निदान तसे मी समजत होते.

एका संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या सामंतांच्या घरी चोरी झाली. लॅपटॉप गेला आणि सामंतवहिनींच्या आईच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. वहिनी कपाटासमोर जमिनीवर बसून राहिल्या होत्या. इमारतीच्या कॅमेऱ्यात जिन्याचे चार सेकंदांचे चित्र मिळाले: एक उंच आकृती, पाठमोरी, हातात पिशवी. पाटकर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे प्रमुख. त्यांनी ते ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिले, ‘हा आपला मोझेसच ना?’ दहा मिनिटांत वीस अंगठे वर आले. त्यातला एक माझा.

मग आपण जे नेहमी करतो तेच केले. पाणी येत नसले, पार्किंगचे भांडण असले, शाळेची बस उशिरा येत असली, की आपल्यातला इंग्रजी चांगले असलेला माणूस मसुदा करतो आणि बाकीचे म्हणतात, “टाका, आम्ही सही करतो.” पाटकरांनी मसुदा केला. ‘आम्ही खाली सही करणाऱ्यांनी इमारतीच्या सुरक्षारक्षकाला त्या संध्याकाळी हातात पिशवी घेऊन जिन्यावरून उतरताना प्रत्यक्ष पाहिले.’ सात घरांतून सात सह्या झाल्या. तिसरी माझी होती. चोरीनंतरच्या चौथ्या दिवशी, शाळेतून आल्यावर, चहाचा कप एका हातात धरून मी ती केली.

सामंतांनी तो कागद तक्रारीसोबत पोलिसांत दिला. त्याच दिवशी मोझेसला ताब्यात घेतले गेले. तो म्हणत होता, मी त्या संध्याकाळी तिथे नव्हतोच, दुसऱ्या इमारतीच्या दारावर होतो. कंपनीच्या ड्यूटीच्या तक्त्यावर त्याचे नाव होते. आणि सात सुशिक्षित माणसे सांगत होती, आम्ही त्याला पाहिले. त्याच्या एकट्याच्या बोलण्याला किती वजन उरणार?

त्या कागदाचे अरबी भाषांतर हवे होते. आपला माणूस म्हणून पाटकर तो घेऊन सरांकडे गेले. दोन दिवसांनी कागद परत आला, भाषांतराशिवाय. सरांनी ग्रुपसाठी निरोप दिला होता: सात जणांनी एकच गोष्ट पाहिली असेल, पण सात जण एकाच वाक्यात पाहत नाहीत. मी प्रत्येकाशी वेगळे बसेन. शुक्रवारी, शनिवारी, माझ्या सीबच्या घरी. फी नको.

ग्रुपवर गदारोळ झाला. पाटकर सरांना फोनवर म्हणाले, “सर, तुम्ही ट्रान्सलेटर आहात की त्या काळ्याचे वकील?”

“ट्रान्सलेटर. म्हणूनच अडलोय,” सर म्हणाले.

शुक्रवारी दुपारी मी गेले. सीबच्या जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचे घर. सुनंदाकाकूंनी दार उघडले. आतून सरांचा आवाज आला, “बाई इल्यात काय गो? चाय टाक.” बाहेरच्या जगात अरबी आणि साहेबी मराठी बोलणारे सर घरात मालवणीवर येतात, ते ऐकून मला नेहमी बरे वाटते. काकूंनी चहा आणि खाजे ठेवले. सरांनी रेघांचा कागद आणि पेन्सिल घेतली.

“तो छापील कागद बाजूला ठेवा, बाई. मला ती संध्याकाळ सांगा.”

“सर, सगळं त्यात आहेच की.”

“ते पाटकरांचं इंग्रजी आहे. मला तुमचं मराठी हवंय. कुठे उभ्या होतात?”

“दारात. कचऱ्याची पिशवी ठेवायला उघडलं होतं.”

“वेळ?”

“मगरिबची अजान संपत होती.”

“तो वर जात होता की खाली?”

“खाली.”

“तोंड कुठे होतं?”

“माझं?”

“त्याचं.”

मला ते चार सेकंदांचे चित्र दिसत होते. त्याच्यामागे माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले काही आहे का, हे मी शोधत होते, आणि हाताला काही लागत नव्हते. “पाठमोरा होता,” मी म्हणाले.

“मग मोझेस कशावरून?”

“उंच होता. काळा होता. आणि तिथे मोझेसच असतो ना, सर.”

सर लिहीत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, “जिन्यात दिवा होता?”

“नाही, गेला होता. अजून दुरुस्त झालेला नाही.”

“मग काळा कशावरून?”

दिवा नसलेल्या जिन्यात, मावळतीला, पाठमोऱ्या माणसाचा रंग मी कसा पाहिला? मी पाहिला नव्हता. आधी चोर आला, मग चोराला रंग आला, मग रंगाला नाव आले. आणि हे सगळे माझ्या डोक्यात इतक्या झटपट आणि इतक्या सभ्यपणे झाले, की मला ते पाहिल्यासारखेच वाटले.

“तुम्ही डायरी लिहिता ना?” सरांनी विचारले. “त्या दिवशीची बघितलीत?”

बघितली नव्हती. मी निखिलला, माझ्या यजमानांना, फोन केला आणि ते पान फोटो काढून पाठवायला सांगितले. चोरी कळण्याआधी लिहिलेले ते पान असे होते: ‘लिफ्ट अजून बंद. कचरा ठेवताना जिन्यातून कुणीतरी उंच माणूस खाली गेला, अंधारात दचकले. दिव्याची तक्रार करायची. ईराची प्रोजेक्ट फाइल.’

कुणीतरी. माझ्याच अक्षरात. सरांनी ते मोठ्याने वाचले नाही, फक्त फोन माझ्याकडे परत सरकवला. मग त्यांनी लिहिलेले अकरा वाक्यांचे पान वाचून दाखवले. सात वाक्यांसमोर ठिपके होते. वर्गात मी मुलांचे गुण कापते, तसे कापले तर मी नापास होते.

“आता मी काय करायचं? सही तर पोलिसांत गेलीय. मी खोटी साक्ष दिली असं होईल का, सर?”

“होऊ शकतं. मला माहीत नाही,” सर म्हणाले. “मी तुमच्याबरोबर येईन.”

इथे एक जुनी आठवण सांगायला हवी, कारण हे शब्द मी आधी एकदा ऐकले होते. निखिलच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा संमतीपत्र अरबीत होते. सर रुग्णालयात आले आणि ओळन्ओळ मराठीत समजावली, धोक्याच्या ओळींसकट. सगळे नातेवाईक फोनवर “काही होत नाही गं” म्हणत होते. मी सरांना विचारले, “होईल ना सगळं ठीक?” ते म्हणाले, “मला माहीत नाही, बाई. मी इथं आहे.” आणि निखिल बाहेर येईपर्यंत ते त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते. तेव्हा क्षणभर राग आला होता. नंतर जाणवले, की त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या वाक्यांत टेकता आले असे तेवढे एकच होते.

त्या शुक्रवार-शनिवारात सातही जण सरांकडे गेले. सर एकाचे दुसऱ्याला सांगत नाहीत, पण आमचे आम्हीच नंतर बोललो. सातांपैकी पाच जणांनी त्या संध्याकाळी जिना पाहिलाच नव्हता, फक्त ग्रुपवरचे चित्र पाहिले होते. पाटकरांनी माणूस पाहिला होता, पण वाहनतळावर, गाडीतून, आणि त्यांच्या माणसाच्या डोक्यावर टोपी होती, चित्रातल्याच्या नव्हती. पाटकर कबूल करायला सर्वांत जास्त वेळ अडून राहिले आणि कबूल केल्यावर मात्र लगेच पानावर सही करून मोकळे झाले. त्यांच्याविषयी एवढे चांगले लिहिणे माझे कर्तव्य आहे.

सामंतवहिनी मला जिन्यात भेटल्या. तोवर दिवा दुरुस्त झाला होता. “मेधा, माझ्या आईच्या पाटल्या होत्या गं. तुला त्या मोझेसचं वाईट वाटतं, माझं नाही वाटत?” मी म्हणाले, वाटतं. त्या म्हणाल्या, “मग चोर कोण ते तरी सांग.” मला माहीत नव्हते. आजही माहीत नाही. पाटल्या मिळाल्या नाहीत. वहिनी माझ्याशी बरेच महिने तुटक बोलत होत्या, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणू शकत नाही.

सोमवारी मी सरांबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तपास करणारा अधिकारी तिशीचा ओमानी तरुण होता, अतिशय विनयशील. त्याने खजूर आणि कहवा पुढे केला. त्याची आजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली, हे तो सरांशी गप्पा मारताना सहज बोलून गेला. तेव्हा मी त्याच्याकडे पाहिले आणि चमकले. तो मोझेसइतकाच काळा होता. गेला अर्धा तास मी त्याला ‘सर, सर’ म्हणत होते आणि त्याचा रंग माझ्या ध्यानातही आला नव्हता. मग आम्ही माबेलात रंग म्हणून जे पाहत होतो, ते नेमके काय होते? गणवेश? पासपोर्ट? दारावरची खुर्ची? या प्रश्नाने मला आजवर सोडलेले नाही. अंधारात नसलेला रंग दिसतो आणि उजेडात असलेला दिसत नाही, असा हा कसला डोळा?

अधिकाऱ्याने सात वेगवेगळी पाने वाचली. ठिपक्यांचा अर्थ सरांनी अरबीत समजावला. त्याने मला एकच विचारले, “मॅडम, मग तुम्ही आधी सही का केलीत?” मी म्हणाले, “सगळ्यांनी केली म्हणून.” हे वाक्य सरांनी जसेच्या तसे भाषांतरित केले. मला वाटले होते, थोडे सावरून घेतील. घेतले नाही. अधिकाऱ्याने मान हलवली, रागावला नाही, आणि म्हणाला, आता त्या माणसाने सांगितलेल्या दुसऱ्या इमारतीचा कॅमेरा मागवतो.

दोन दिवसांत उत्तर आले. त्या संध्याकाळी मोझेस सीबमधल्या दुसऱ्या इमारतीच्या दारावर होता. दोन वॉचमननी आपसात पाळी बदलली होती आणि तक्त्यावर नाव बदलायचे राहिले होते. आमच्या दारावर जो बसला होता तो त्या वेळात खुर्चीवरून उठलाच नव्हता. तेही चित्रात होते. मोझेस सुटला. तो सतरा दिवस आत होता.

त्या सोमवारी ठाण्यातून परतताना, माबेलाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. तेव्हा मी विचारले, “सर, हे ठिपके तुम्ही कुठे शिकलात?”

सरांनी गाडी पुढच्या गाडीमागे थांबवली. मग म्हणाले, “इब्राला, तिकडे आतल्या गावात. नवीन होतो. एका गॅरेजमधली साक्ष होती, आपल्याच एका मुंबईच्या माणसाची. तो म्हणाला, ‘बहुतेक तो बकारीच होता.’ बकारी म्हणजे टांझानियाचा एक मेकॅनिक. मी अरबीत टाइप करताना ‘बहुतेक’ गाळलं.”

“चुकून?”

“नाही. वाक्य बेंगरूळ दिसत होतं. मला अरबी सुबक लिहायची हौस होती. आणि बकारीला मी पाहिलं होतं, धिप्पाड होता. मला वाटलं, असेलच.” त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरले होते. “आठ महिने आत होता. मग खरा माणूस सापडला. तोवर याची नोकरी गेली होती. त्याला परत पाठवलं. मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा खोली रिकामी होती.”

पुढची गाडी हलली, तशी आमचीही चार हात पुढे गेली.

“जज्ज काय, पोलीस काय, बाई, त्यांच्यासमोर शेवटी कागद येतो,” सर म्हणाले. “त्या कागदावर माणूस आधीच काळा करून आपणच पाठवतो. तुम्ही सहीनं, मी टाइपरायटरनं.”

पुढच्या शुक्रवारी सरांनी मला घरी बोलावले. मोझेस येणार होता. कंपनीने त्याची बदली दुसरीकडे केली होती. नोकरी टिकली ती सरांनी कंपनीच्या कार्यालयात चार चकरा मारल्यामुळे, हे मला काकूंकडून कळले. मी रात्रभर वाक्ये जुळवली होती. गेले, तर दिवाणखान्यात दोन उंच माणसे बसली होती. मी सरळ उजवीकडच्या माणसापाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, “मोझेस, आय ॲम व्हेरी सॉरी.”

तो गडबडून उठला. “मॅडम, मोझेस ये है. मैं आयझॅक.”

मी दुसऱ्याकडे वळले. त्यातही माझी चौकस बुद्धी गप्प बसेना. मी आयझॅकला विचारले, “तुम किधर काम करता?”

“आपका ही गेट पे, मॅडम. दो साल. एक हफ्ता ये, एक हफ्ता मैं.”

“लेकिन मैं तो हमेशा मोझेस बुलाती थी!”

“हां,” आयझॅक हसला. “मैं आता था.”

दोन वर्षे आमच्या दारावर दोन माणसे होती. आम्ही एकच पाहिला. सरही थोडे हसले, काकूही हसल्या. मोझेस हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता. रागाने पाहत होता असे लिहिणार नाही, कारण ते अनुमान होईल. तो पापणी न हलवता पाहत होता.

“मॅडम, सतरा दिन में एक बात समझ नहीं आया,” तो म्हणाला. “मैं रोज आपको गुड मॉर्निंग बोलता था. आप भी बोलते थे. आप किसको बोलते थे?”

जुळवलेले एकही वाक्य मला आठवले नाही. मी त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा पाहिला. डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण आहे. पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले. आयझॅकपेक्षा तो चार बोटे बुटका आहे. सरांनी त्याला त्याच्या गावाविषयी विचारायला सुरुवात केली: तिथे केळी कशी शिजवतात, किती जातीची, कोकणातल्यासारखी भाजी करतात का. मोझेस हळूहळू बोलू लागला. सर मध्ये मध्ये थांबवून नावे पुन्हा म्हणायला लावत होते आणि कानावरच्या पेन्सिलीने लिहून घेत होते. एकाही नावासमोर त्यांनी ठिपका दिला नाही.

हा लेख छापण्याआधी मी सरांना दाखवला. इब्राची गोष्ट ठेवू की काढू, हे विचारले. गौरवग्रंथात अशी गोष्ट कशी शोभेल, असे संपादकांनाही वाटत होते. सर म्हणाले, “ती ठेवा. जागा कमी पडली तर बाकीचं काढा.” मसुदा परत आला तो पाच ठिपक्यांसह. ‘सरांनी असंख्य लोकांना मदत केली’ यासमोर एक. ती ओळ मी काढली. ‘सरांमुळे मोझेस सुटला’ यासमोर दुसरा, आणि शेजारी बारीक अक्षरात: ‘कॅमेऱ्यामुळे. तुमच्या डायरीमुळे. तो खरं सांगत होता त्यामुळे.’ तीही काढली. ‘आम्ही सगळे आता बदललो आहोत’ यासमोरचा ठिपका जरा दाबून दिलेला होता.

सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांची दृष्टी आणि पेन्सिलीचे टोक दोन्ही असेच तीक्ष्ण राहोत. या वाक्यासमोर ठिपका येतो का, असे मी त्यांना फोनवर विचारले. ते म्हणाले, “इच्छेला ठिपका नसतो. पण कुणाची इच्छा ते नीट लिहा. ‘सर्वांची’ लिहू नका.”

म्हणून नीट लिहिते. ही इच्छा माझी आहे. निखिल आणि ईराची आहे, दोघांना विचारले आहे. पाटकर म्हणाले, माझेही नाव घाला. सामंतवहिनींनीही होकार दिला, थोडा वेळ घेऊन. मोझेसची इच्छा मी गृहीत धरणार होते, मग थांबले आणि सरांकडून नंबर घेऊन त्याला फोन केला. माझा नंबर त्याच्याकडे नव्हता. मी फक्त “हॅलो” म्हणाले.

“मेधा मॅडम,” तो म्हणाला. “बोलिए.”